अकरा नंबरचा बावटा

३ जून २०२०, बुधवार. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. कोकण किनाऱ्यावर तिथी सांगितली की भरतीची वेळ वेगळी सांगावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नवाच्या पुढेमागे भरती, दुपारी तीन-साडेतीनला सुकती, आणि पुन्हा रात्री नऊ-दहाला भरती. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर कुणाही जाणत्या कोळ्याने हे बोटांवर न मोजता सांगितले असते. त्या आठवड्यात या किनाऱ्याबद्दल जेवढे अंदाज बांधले गेले, त्यांतला हा सर्वांत जुना.

‘निसर्ग’ चक्रीवादळाने किनारा ओलांडला तो दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. पण पाणी उतरत होते. वेधशाळेने रायगड, मुंबई आणि ठाण्यासाठी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढेल असा इशारा दिला होता. तो फुगारा सुकतीच्या वेळी आला म्हणून वाळूच्या पट्ट्याने आणि सुरूच्या बनाने बराचसा सोसला. दोन दिवस आधीचा पहिला अंदाज संध्याकाळचा किंवा रात्रीचा होता. वादळ त्या वेळेला आले असते तर वर वारा आणि खाली भरती, दोन्ही एकदम श्रीवर्धनच्या पाखाडीत शिरली असती. सात-आठ तासांचा फरक. कागदावर ती वेळेची चूक, पण गावाच्या नशिबी तो दर्याचा हात आखडता राहिल्याचा दिवस. पुढे जे नुकसान झाले ते सगळे वाऱ्याने केले, पाण्याने फार थोडे.

हे वादळ अचानक आले नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. मेच्या अखेरीस अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. १ जूनला, ज्या दिवशी मान्सून केरळात पोचल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, त्याचे डिप्रेशन झाले. २ जूनला दुपारी चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ. पहिल्याच पत्रकात हवामान विभागाने म्हटले होते की वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या मधे कुठेतरी किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर म्हणजे श्रीवर्धन तालुक्याचे दक्षिण टोक, आणि तिथून दमणपर्यंत अडीचशे किलोमीटरहून जास्त किनारा. दुसऱ्या दिवशी तो पट्टा आक्रसला आणि पत्रकात ‘अलिबागजवळ, ३ जूनच्या दुपारी’ असे शब्द आले.

नाव बांगलादेशने सुचवलेले. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांसाठी २००४ साली ६४ नावांची यादी केली होती. तिच्यातले शेवटचे नाव, ‘अम्फान’, मे महिन्यात बंगालवर खर्च झाले. मग १३ देशांनी मिळून केलेली १६९ नावांची नवी यादी उघडली, आणि तिच्यातले पहिलेच नाव आमच्या वाट्याला आले. मराठी माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

‘इशारा’ ही गोष्ट या किनाऱ्यावर फार जुनी नाही, आणि तिची सुरुवातही इथली नाही. ‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन याने वादळाच्या गोल फिरण्याला सापाच्या वेटोळ्याची उपमा देऊन १८४८च्या सुमारास तो रूढ केला. ५ ऑक्टोबर १८६४ला त्याच कोलकात्यावर असे वादळ कोसळले की हजारो माणसे बुडाली. त्यानंतर कोलकाता बंदराला आगाऊ इशारा देण्याची व्यवस्था उभी राहिली. १८७५मध्ये देशाचा हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा त्याच्या कितीतरी आधीपासून, १८२६पासून, होती. तिच्या चुंबकीय नोंदी ट्रामच्या विजेने बिघडतील म्हणून हे काम पुढे अलिबागला हलवले गेले. विभागाचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्यात आले. पुण्यातले ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्याचीच खूण.

किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत यातले पोचत होते ते एकच: बावटा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणात लहान मुलालाही कळते. प्रत्यक्षात त्यात कापडी बावटा नसतोच. बंदराच्या काठीवर दिवसा काळे शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल आणि पांढरे दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच तडाखा बसू शकतो. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. यातही पुन्हा वादळ बंदराच्या उजवीकडून जाणार, डावीकडून जाणार की डोक्यावरून, यासाठी वेगळी खूण. आणि मग अकरावा. अकरा नंबरच्या बावट्याचा अर्थ असा: वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे.

ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्याविषयी मला या एका नंबरामुळे आदर वाटतो. बातमी पोचणार नाही अशी वेळ येईल, हेही त्यांनी आधीच यादीत बसवून ठेवले होते.

बातमी न पोचण्याचा इतिहास रायगडच्या किनाऱ्यावर मोठा आहे. मुंबईहून कोकणात बोटी चालत तेव्हा श्रीवर्धन हे त्यांच्या थांब्यांपैकी एक होते. आगोटीच्या आधी शेवटची बोट यायची, घरात मीठ, डाळ, तांदूळ, सुकी मासळी भरून घ्यायची, होड्या ओढून झापांनी शाकारायच्या, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याचे दार बंद. ज्या काळात नीट अंदाज सांगणारे कुणी नव्हते त्या काळात हा कडकडीत नियम हाच अंदाज होता: या महिन्यांत जायचेच नाही. ११ नोव्हेंबर १९२७ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या एकाच कंपनीच्या दोन बोटी वादळात गेल्या. नोव्हेंबर, म्हणजे दार उघडून तीन महिने झाले होते. १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, गटारी अमावास्येला गावी जाणाऱ्या माणसांनी भरलेली. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबई काही मैलांवर, तरी तिथे बातमी पोचायला दुपार झाली. तोवर रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमेल तेवढी माणसे वर काढली होती.

मग फयान. तारीख पुन्हा ११ नोव्हेंबर, साल २००९. कन्याकुमारीच्या बाजूला जन्मलेले हे वादळ किनाऱ्याला समांतर वर चढले आणि दुपारी अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले. वेधशाळेचा इशारा निघाला होता. पण नोव्हेंबर हा मासळीचा ऐन हंगाम. होड्या आठ-आठ दिवसांचा बर्फ आणि डिझेल भरून आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या, आणि त्यांतल्या अनेकांकडे किनाऱ्याचा आवाज ऐकण्याचे साधन नव्हते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजूची कितीतरी माणसे परत आली नाहीत. इशारा बरोबर होता. तो ज्याच्यासाठी होता त्याला ऐकू आला नाही. इशाऱ्याला मग बरोबर कसे म्हणायचे?

२०२०च्या जूनमध्ये वर्तमानपत्रांनी १२९ वर्षांत पहिल्यांदा, १८९१नंतर प्रथमच, अशा मथळ्यांचा सपाटा लावला. जून महिना आणि मुंबई एवढेच धरले तर त्यात काही अर्थ होता. पण वाचणाऱ्याने त्यातून एवढेच घेतले की इकडे वादळे येतच नाहीत. १९४८च्या नोव्हेंबरमधले मुंबईवरचे वादळ विसरले गेले, फयान तर जेमतेम दहा वर्षांपूर्वीचे. दुसऱ्या बाजूला १८८२च्या जूनमध्ये मुंबईत वादळाने एक लाख माणसे मेली ही कथा फिरत राहिली. ती पुस्तकांत छापली गेली, याद्यांत चढली, पण त्या काळच्या नोंदींत तिचा मागमूस नाही. १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाख. त्यातली एक लाख माणसे एका दिवसात गेली असती तर जुन्या मुंबईच्या प्रत्येक घराला ते माहीत असते. जे घडले ते विसरायचे आणि जे घडले नाही ते आठवायचे, अशा जमिनीवर अंदाजाचे बी रुजायला वेळ लागतो.

बंगालच्या उपसागरात चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, असे जुने प्रमाण. त्यातलीही बहुतेक ओमानकडे किंवा गुजरातकडे वळत. पण २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यातल्या ‘क्यार’ने जमिनीला न शिवताच कापलेले भात भिजवून कोकणची दिवाळी घालवली होती. निसर्गच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान तीस अंशांच्या वर होते. वादळाला एवढे ऊन पाणी म्हणजे चुलीखाली सुके लाकूड.

यंत्रणा मात्र फयानच्या वेळची राहिली नव्हती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. ते आधी कुणी सांगू शकले नाही, आणि त्या बोचणीतून पुढे कुलाब्याला डॉप्लर रडार उभे राहिले. निसर्गच्या वेळी मुंबईचे आणि गोव्याचे, अशी दोन्ही रडारे त्याच्यावर डोळा ठेवून होती आणि वर इन्सॅट उपग्रह होते. मृत्युंजय महापात्र हे त्या वेळी विभागाचे महासंचालक. रायगडच्या जिल्हाधिकारी निधी चौधरी यांच्या यंत्रणेने किनाऱ्यावरची हजारो माणसे हलवली. ते दिवस करोनाच्या टाळेबंदीचे. मुंबईहून आलेले चाकरमानी ज्या शाळांत अलगीकरणात होते, त्याच शाळा आता वादळासाठी हव्या होत्या. एकमेकांपासून लांब राहा, असे अडीच महिने सांगितल्यावर एका खोलीत जमा व्हा, असे सांगायची वेळ आली. तरी माणसे हलली. सगळ्या महाराष्ट्रात मृत्यू सहा. फयानची आठवण ठेवून हा आकडा वाचला तर अंदाजाचे मोल कळते.

आणि तरीही श्रीवर्धनला विचारा, अंदाज बरोबर होता का.

सकाळपासून पाऊस होता. वारा आधी आग्नेयेकडून, डोंगराच्या बाजूने आला. मग दक्षिणेकडे सरकला आणि दुपारी दर्यावरून, पश्चिमेकडून सुटला. झाडांच्या दृष्टीने हीच घातकी गोष्ट. एका बाजूने वारा लागला तर झाड झुकून सोसते. पण आधी एका बाजूला हलवून मुळे सैल करायची आणि मग दुसऱ्या बाजूने रेटायचे, हे त्याला सोसत नाही. श्रीवर्धनची वाडी बाहेरून पाहणाऱ्याला हिरवी भिंत वाटते. आत वर माडांचे छत, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेल्या मिरवेली, मधेमधे जायफळ, खाली केळी. पोफळ वीतभरही जाड नसते आणि उंची चाळीस-पन्नास फूट. ती एकटी उभी राहूच शकत नाही. शेकड्यांनी दाटीने उभ्या राहून एकमेकींच्या आडोशाने त्या वारा खातात. त्या दुपारी माड मुळासकट उपटले, आणि एक माड पडला की चार-पाच पोफळी घेऊन पडतो. भगदाड पडले की वारा आत शिरतो, आणि आत शिरलेल्या वाऱ्याने उरलेल्या पोफळी मधोमध, कमरेतून मोडल्या. दोन-अडीच तासांनी वारा पडला तेव्हा ज्या वाडीत भर दुपारीही अंधार असायचा तिथे आभाळ दिसत होते. वाडीच्या मालकाला आपल्याच विहिरीची वाट सापडेना, इतकी खोडे एकमेकांवर आडवी.

कागदावरचे ठिकाण अलिबागच्या दक्षिणेला, मुरुडच्या आसपास. मग सर्वांत जास्त मार श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा आणि खाडीपलीकडच्या मंडणगड-दापोलीला का बसला? आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. ते ज्या दिशेला चालत असते त्याच्या उजव्या हाताला त्याचा फिरण्याचा वेग आणि चालण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे चालले होते. त्याचा उजवा हात म्हणजे आग्नेय, म्हणजे श्रीवर्धन. मुंबई त्याच्या डाव्या हाताला पडली. बावट्यांच्या जुन्या यादीत उजवीकडून आणि डावीकडून जाणाऱ्या वादळासाठी वेगळ्या खुणा होत्या, त्या याच कारणासाठी. बोलण्यातल्या आणि बातम्यांतल्या अंदाजातून ही उजवी-डावी बाजू केव्हाच गळून गेली. राहिला तो नकाशावरचा एक ठिपका.

आणखी एक हिशेब सांगतो. हवामान विभागाने चोवीस तास आधी वर्तवलेल्या वादळाच्या जागेत सरासरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. जगातल्या चांगल्या संस्थांच्या पंगतीत बसणारी ही कामगिरी आहे, आणि एक पिढी आधी हा फरक याहून कितीतरी जास्त होता. पण अलिबाग ते श्रीवर्धन सरळ अंतर मोजले तर ते सत्तर किलोमीटरच्या आतच भरते. ‘अलिबागजवळ’ या शब्दात श्रीवर्धन बसत होते. शास्त्राच्या मापाने बसतच होते, पण दिवेआगरच्या किंवा भरडखोलच्या माणसाने तो शब्द ऐकला तेव्हा त्याला वाटले की तिकडे येतेय. त्या रात्री दूरचित्रवाणीवर सगळे कॅमेरे मरीन ड्राइव्हला आणि वरळीला लागलेले. वादळाच्या दिवशी संध्याकाळी ‘मुंबई वाचली’ असे मथळे झळकले आणि काही जणांनी वेधशाळेचा अंदाज पुन्हा फसला म्हणून टिंगलही केली. ज्या वेळी ही टिंगल चालली होती त्या वेळी श्रीवर्धनहून कुणाचाच फोन लागत नव्हता.

वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले, म्हसळ्याकडे आणि माणगावकडे जाणारे रस्ते झाडांनी अडले. मुंबईतल्या चाकरमान्यांना आपले घर उभे आहे की नाही हे कळायला कित्येकांना दिवसच्या दिवस लागले. कुणी करवती घेऊन, रस्ता कापत कापत गावी पोचले. अकरा नंबरचा बावटा. तो कुणी चढवला नाही, पण श्रीवर्धनवर त्या आठवड्यात तोच फडकत होता. आधीच्या दोन दिवसांत उपग्रहाला या गावावरचा प्रत्येक ढग दिसत होता. नंतर त्या ढगाखालचे गाव सगळ्यांच्या नजरेआड झाले.

अंदाज बरोबर असूनही विजेच्या तारांनी आणि झाडांनी हार खाल्ल्याची अगदी वेगळ्या हवेतली गोष्ट इथे आठवते. जानेवारी १९९८मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडला. वरून पाणीच पडते, पण ज्याला शिवेल त्यावर तत्क्षणी बर्फ होते. तारेवर, फांदीवर, खांबावर बोटा-दोन बोटांचा काचेसारखा थर चढतो आणि वजनानेच सगळे मोडते. गोठणारा पाऊस येणार हे हवामानखात्याने सांगितले होते. तो एवढे दिवस ठाण मांडेल आणि विजेचे मोठे मनोरे रांगेने लोळवेल हे कुणाच्या कल्पनेत नव्हते. तिथले मेपलचे मळे, ज्यांचा रस काढून पाक करतात, फांद्याफांद्यांनी तुटून गेले. मेपल रस द्यायला लागायला पस्तीस-चाळीस वर्षे जातात. काही भागांत महिनाभर वीज नव्हती. पोफळीची वाडी आणि मेपलचा मळा यांचे दुःख एकाच जातीचे आहे: एका दुपारचे किंवा पाच-सहा दिवसांचे नुकसान आणि भरपाईला अर्धे आयुष्य.

५ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला आले आणि रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली.  ९ तारखेला शरद पवार दौऱ्यावर आले. ११ जूनला मान्सून हर्णैपर्यंत पोचल्याचे जाहीर झाले. वादळानंतर बरोबर आठ दिवसांनी. जिल्ह्यात लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले होते. पत्रे उडालेले, कौले फुटलेली, आणि आठ दिवसांत पावसाळा. ताडपत्री मिळेना, पत्रे मिळेनात, विजेअभावी पिठाची गिरणी बंद. आगोटीसाठी भरून ठेवलेले तांदूळ भिजले होते. कित्येक गावांत महिनाभर अंधार राहिला.

बागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली गेली. सरकारने दर वाढवला हे खरेच, पण हे माप वाडीला लागूच पडत नव्हते. सुपारीची शास्त्रीय लागवड २.७ मीटरवर एक धरली तरी हेक्टरी साधारण १,३७० झाडे बसतात, आणि श्रीवर्धनच्या जुन्या वाड्या त्याहून दाट. म्हणजे एका पोफळीला छत्तीस-सदतीस रुपये. शिवाय इथे हेक्टर कुणाकडे आहे? वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठे म्हणजे पाच हजार रुपये, तेवढ्यात पडलेली खोडे कापून बाहेर काढायची मजुरीही भागत नाही. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. ‘श्रीवर्धनी रोठा’ म्हणून जी सुपारी देशभर ओळखली जाते, तिच्या एका झाडाची ही किंमत.

ज्यांचे झाड वाचले त्यांचेही पुरते वाचले नाही. पोफळीच्या खोडाला सावलीची सवय असते. माडाचे छत गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात नैर्ऋत्येचे ऊन थेट खोडावर आले, साल भाजली, तडकली, आणि वादळातून उभ्या राहिलेल्या पोफळी वर्ष-दोन वर्षांनी वाळल्या. पडलेली माडाची खोडे वाडीत कुजत राहिली, त्यांत गेंड्या भुंग्याने घर केले, आणि तो उरलेल्या माडांच्या सुईत घुसला. पंचनामे केव्हाच संपले होते. वादळाची मोजदाद वाऱ्याच्या वेगाने होते, वाडीवरचे वादळ मात्र अडीच तासांत संपत नाही.

मला राग आहे तो याचा. अंदाज चुकल्याचा नाही, कारण तो चुकला नव्हता. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या घरात माणसे गेली. २०१३च्या ‘फायलिन’मध्ये तिथेच दहा लाखांच्या आसपास माणसे आधी हलवली गेली आणि मृत्यू काही डझनांवर आले. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले, पण तेवढेच झाले नाही. गावोगावी पक्के निवारे बांधले गेले, इशारा घराच्या दारापर्यंत नेणारी माणसे तयार केली गेली. कोकणात आपण अंदाजाचे पत्रक घेतले आणि बाकीचे मागायचे विसरलो. वर्षभरातच, १७ मे २०२१ला, ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. बॉम्बे हायजवळ ‘पी-३०५’ तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले. इशारा तेव्हाही बरेच दिवस आधी निघालेला होता.

श्रीवर्धनात कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. सुपारीचे रोप लावणीजोगे व्हायला एक ते दीड वर्ष लागते, म्हणून २०२०च्या पावसाळ्यात हवी तेवढी रोपे कुठूनही येणे शक्य नव्हते. २०२१मध्ये लावलेली पोफळ सहा-सात वर्षांनी पहिली पोय टाकते. तोवर तिला सावली लागते, म्हणून आधी केळ लावायची आणि केळीच्या आडोशाला दक्षिण-पश्चिम बाजू झाकून रोप लावायचे. जुन्या वाड्यांत आजही अनेक ठिकाणी हे दृश्य दिसते: मोडलेल्या पोफळीचा गुडघाभर खुंट तसाच आहे, त्याच्या शेजारी त्याच आळ्यात नवे रोप, वर केळीचे एक फाटके पान, आणि शिंपण्याचा पाट पूर्वीच्याच वळणाने दोघांच्याही बुडाशी जातो.